विश्रांतीपासून श्रमापर्यंत : भाजलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनातील व्यायामविचार आणि बुलढाणा जिल्हा

भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांचा विसाव्या शतकातील इतिहास सामान्यतः तीन विजयांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पहिला विजय शरीरातील द्रवाच्या ऱ्हासावर, दुसरा जंतुसंसर्गावर आणि तिसरा उघड्या जखमेवर. १९२१ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथील रिआल्टो नाट्यगृहाच्या आगीत सापडलेल्या रुग्णांच्या निरीक्षणावरून अंडरहिल यांनी द्रवऱ्हासाचे महत्त्व ओळखले. १९६० नंतरच्या दशकात चांदीयुक्त सल्फा मलमाने जंतुसंसर्गाला बराच आळा घातला. १९७० साली युगोस्लाव्हियातील मारिबोर येथील झोरा यान्झेकोविच यांनी मृत त्वचा लवकर खरवडून काढून तेथे ताबडतोब नवी त्वचा लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या तिन्ही विजयांच्या मुळाशी प्रश्न एकच होता : रुग्ण जगेल काय? या प्रश्नाचे उत्तर अधिकाधिक वेळा होकारार्थी येऊ लागल्यावरच दुसरा प्रश्न पुढे आला : जगलेला रुग्ण पूर्वीप्रमाणे श्रम करू शकेल काय?

प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसरा प्रश्न होय. एरोबिक व्यायाम, म्हणजे चालणे, धावणे, सायकल चालविणे यांसारखा, प्राणवायूच्या पुरवठ्यावर दीर्घकाळ चालणारा आणि हृदय व फुप्फुसे यांची क्षमता वाढविणारा व्यायाम, भाजलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात फार उशिरा आला. तो उशिरा का आला, आणि बुलढाण्यासारख्या शेतमजुरीवर जगणाऱ्या जिल्ह्यात त्या विलंबाचा अर्थ काय होतो, यांचा विचार येथे करावयाचा आहे.

जिल्हा आणि त्यातील अग्नी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील लोकव्यवहारात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ या शब्दांनी ओळखले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हे तालुके घाटावर येतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्याकडील तालुके घाटाखाली मोडतात. दोन्ही भागांत कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या दशकांत सोयाबीन ही पिके महत्त्वाची ठरली. येथील बहुसंख्य कुटुंबांचे भांडवल म्हणजे त्यांचे शरीर होय.

आगीशी या जिल्ह्याचा संबंध तीन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण स्वयंपाकघर. जमिनीलगतची चूल आणि तिच्यानंतर आलेला रॉकेलचा स्टोव्ह यांनी बायकांच्या अंगावरील वस्त्रांना आग लागण्याचा धोका घरोघर पोहोचविला. स्टोव्हच्या भडक्यात अपघात किती आणि छळाचे परिणाम किती, हा प्रश्न इतका गंभीर झाला की १९८३ साली भारतीय दंडसंहितेत पती व सासरच्या नातलगांकडून होणाऱ्या क्रूरतेविषयी ‘४९८ अ’ हे नवे कलम घालावे लागले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरीब घरांत नेली. त्यामुळे आगीचे स्वरूप पालटले, पण ती नाहीशी झाली नाही.

दुसरे ठिकाण कापसाचे. खामगाव ही एकोणिसाव्या शतकापासून वऱ्हाडातील प्रमुख कापूसपेठ होती. कापसाच्या वाहतुकीसाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. त्या पाठोपाठ सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने वाढले. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर घासून ठिणगी पडावी आणि क्षणात रुईच्या ढिगाने पेट घ्यावा, ही या धंद्यातील जुनी व सर्वपरिचित आपत्ती आहे.

तिसरे ठिकाण रस्त्याचे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे जाणारी खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मरण पावले. ३३ जणांपैकी ८ जण वाचले. अशा घटनांची नोंद इतिहासात मृतांच्या संख्येने होते. वाचलेल्यांच्या पुढील आयुष्याचा हिशेब ठेवण्याची रीत नाही.

ही रीत देशव्यापी आहे. भारत शासनाच्या भाजण्याच्या इजांविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वापरल्या गेलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात, त्यांपैकी ७ लाखांना रुग्णालयात दाखल करावे लागते, १ लाख ४० हजार मरतात आणि २ लाख ४० हजार लोकांना कायमचे अपंगत्व येते. म्हणजे अपंग होऊन जगणारे लोक मरणाऱ्यांहून अधिक आहेत. तरीही उपचारांच्या यशाचे माप दीर्घकाळ मृत्युदर हेच राहिले.

विश्रांतीचे युग

आजाऱ्याला विश्रांती हवी, हा समज पुरातन आहे. आधुनिक शल्यशास्त्राने त्याला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढील कित्येक पिढ्यांच्या शल्यवैद्यांनी ती प्रमाण मानली. हाड मोडो, पोट कापलेले असो, की अंग भाजलेले असो, निश्चल पडून राहणे हा उपचाराचा पाया समजला जाई.

या समजाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तडे गेले. खाटांची टंचाई आणि सैनिकांना लवकर कामावर पाठविण्याची निकड यांमुळे शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठविले जाऊ लागले. त्यांचे काही बिघडले नाही, उलट पुष्कळांना लाभच झाला, असे दिसून आले. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला आणि फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे व मन या सर्वांवर होणारे दुष्परिणाम क्रमाने मांडले. इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी भाजलेल्या वैमानिकांना रुग्णालयाच्या चार भिंतींत कोंडून ठेवले नाही. त्यांना गावात मिसळू दिले, कामाला लावले. मॅकिन्डो यांचा मुख्य हेतू मानसिक व सामाजिक होता. तथापि भाजलेला मनुष्य हा पडून राहावयाचा रुग्ण नसून उभा राहावयाचा नागरिक आहे, ही दृष्टी त्यातून रुजली.

पण याच काळात भाजलेल्यांच्या बाबतीत विश्रांतीच्या विरोधात जो विचार स्थिरावला, तो सांध्यांपुरताच होता. भाजलेली त्वचा भरून येताना आकसते. वेदना कमी व्हावी म्हणून रुग्ण कोपर, गुडघा व मान वाकवून ठेवतो आणि सांधा त्याच स्थितीत कायमचा आखडतो. म्हणून फळ्या बांधणे, योग्य स्थितीत निजविणे, सांधे रोज हलविणे आणि १९७० नंतर व्रणांवर दाब देणारी घट्ट वस्त्रे वापरणे, हे पुनर्वसनाचे शास्त्र बनले. हे शास्त्र आवश्यकच होते. परंतु त्यात हात किती अंशांत वळतो हे मोजले गेले. तो हात किती वेळ काम करू शकतो, हा प्रश्न विचारला गेला नाही.

मुंबई, नागपूर आणि मधला प्रदेश

बुलढाण्याचा वैद्यकीय इतिहास त्याच्या राजकीय इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १८५३ साली निजामाकडून कंपनी सरकारकडे आलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि त्यामुळे उच्च शिक्षणाची व मोठ्या रुग्णालयाची वाट नागपूरकडे गेली. १९५६ साली वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. घाटावरच्या रुग्णाला औरंगाबाद जवळ पडू लागले, घाटाखालच्याची नजर अकोला-नागपूरकडे राहिली. अकोल्यास वैद्यकीय महाविद्यालय होण्यास २००२ साल उजाडले आणि खुद्द बुलढाण्यास २०२४.

भारतातील पुनर्रचनात्मक शल्यशास्त्राच्या इतिहासात नागपूरचे स्थान मोठे आहे. १९५७ साली या शाखेतील शल्यवैद्यांची अखिल भारतीय संघटना झाली आणि १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बाळकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच कार्य उभारले. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी स्थापन झाली. जखम झाकण्याचे शास्त्र महाराष्ट्रात अशा रीतीने क्रमाने वाढत गेले.

व्यायामोपचाराचा उगम मात्र निराळ्या ठिकाणी झाला. १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. त्यामागील मुख्य प्रेरणा पोलिओची होती. १९५५ साली हाजी अली येथे भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. तिच्यापुढेही प्राधान्याने पोलिओने पंगू झालेली मुले आणि अवयव गमावलेले लोक होते. पोलिओत एखादा विशिष्ट स्नायू दुबळा होतो, अवयव कापल्यावर एक विशिष्ट अंग नाहीसे होते. अशा रुग्णांकडे पाहून घडलेले शास्त्र अंगाअंगाचा स्वतंत्र विचार करते. भाजलेल्या रुग्णाकडेही याच दृष्टीने पाहिले गेले. त्याच्या संपूर्ण देहाची झीज झाली आहे, हे त्या चौकटीत बसत नव्हते.

१९६८ : दोन शोध आणि त्यांमधील अंतर

संपूर्ण देहाची ही झीज शास्त्रज्ञांना अगदीच अज्ञात नव्हती. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत हाडे मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रातील नत्र मोजून दाखविले की, मोठ्या इजेनंतर शरीर आपलेच स्नायू जाळू लागते. भाजण्याच्या इजेत ही प्रक्रिया सर्वांत तीव्र असते. शरीराचा ४० टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग भाजला असता विश्रांतीतील ऊर्जाव्यय नेहमीच्या दीडपटीवर जातो, नाडी जलद राहते आणि स्नायूंचा ऱ्हास जखमा भरून आल्यावरही कित्येक महिने चालू राहतो. १९७४ साली डग्लस विल्मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेशी अ‍ॅड्रिनलीनवर्गीय द्रव्यांचा संबंध जोडून दाखविला.

या इतिहासात १९६८ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी अमेरिकेतील डॅलस येथील एकाच वैद्यकीय विद्यालयातून दोन महत्त्वाची संशोधने प्रसिद्ध झाली. बॅक्स्टर व शायर्स यांनी भाजलेल्या रुग्णाला किती द्रव द्यावयाचा, याचे गणित मांडले. त्या विद्यालयाशी संलग्न पार्कलंड रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र पुढे जगभर प्रचारात आले. दुसरीकडे सॉल्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास लावले आणि त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दाखविले. त्यानंतरच्या पद्धतशीर व्यायामाने ती क्षमता परत मिळाली, इतकेच नव्हे तर काहींच्या बाबतीत पूर्वीहून वाढली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानापेक्षा तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीनेच त्यांची श्रमक्षमता अधिक घटविली होती, असा निष्कर्ष निघाला. ‘एरोबिक्स’ हा शब्द सर्वसामान्यांत रूढ करणारे केनेथ कूपर यांचे पुस्तकही १९६८ चेच.

निरोगी तरुणाची जर तीन आठवड्यांत ही स्थिती, तर दोन-दोन महिने खाटेवर असलेल्या आणि शिवाय ज्याचे स्नायू आतून जळत आहेत अशा रुग्णाची काय असेल, हा प्रश्न त्याच वर्षी विचारता आला असता. तो विचारला गेला नाही. एक संशोधन शल्यवैद्यांच्या वाचनात आले, दुसरे हृदयतज्ज्ञांच्या. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला चालविण्याची प्रथा पुढील दशकांत सर्वत्र पडली. भाजलेल्यांच्या कक्षात ती पोचण्यास सुमारे तीस वर्षे लागली. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते योग्य खाटेपाशी पोहोचणे, यांत केवढे अंतर असू शकते याचे हे बोलके उदाहरण आहे.

पुरावा आणि त्याची मर्यादा

२००१ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथील बालरुग्णालयातून ऑस्कर सुमन व त्यांच्या सहकाऱ्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० टक्के वा अधिक भाजलेल्या मुलांना, इजेनंतर सहा महिन्यांनी, १२ आठवडे स्नायुबळाचा व एरोबिक असा दुहेरी व्यायाम देण्यात आला. केवळ नेहमीचे घरगुती उपचार चालू असलेल्या मुलांच्या मानाने या मुलांचे स्नायुबळ, स्नायूंचे वस्तुमान आणि श्रमक्षमता ही तिन्ही अधिक वाढली. २००७ साली बार्बरा डी लॅटूर यांच्या गटाने प्रौढ रुग्णांना १२ आठवडे चालपट्ट्यावर चालवून एरोबिक क्षमतेत तसाच लाभ दाखविला. हे अभ्यास थोड्या रुग्णांवरील आणि साधनसंपन्न संस्थांतील आहेत, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु त्यांची दिशा एकच आहे : आठवड्यातून किमान तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्ध्या तासाच्या आसपास, क्रमाने वाढविलेला आणि दोन-तीन महिने सातत्याने केलेला व्यायाम ही झीज पुष्कळ अंशी भरून काढतो.

येथे एक आक्षेप संभवतो. वऱ्हाडातील शेतमजुराला शेतातच एवढे श्रम पडतात, त्याला निराळा व्यायाम कशाला? या आक्षेपात श्रम आणि व्यायाम यांची गल्लत आहे. व्यायाम क्षमतेच्या मापाने वाढविला जातो, मजुरीचे काम मालकाच्या किंवा हंगामाच्या मापाने करावे लागते. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालील मातीकामांत मजुरी केलेल्या कामाच्या मापावर ठरे. कापूस वेचणीची मजुरी तर किलोवरच ठरते. ज्याचा दमसास अर्धा झाला, त्याची मजुरीही अर्धी होते. मग एक तर तो पहिल्याच आठवड्यात ताकदीबाहेर राबून खाली बसतो, नाही तर कायमचा घरी राहतो. घरी राहिलेल्या बाईची स्थिती आणखी कठीण असते, कारण तिचे पाणी भरणे, सरपण आणणे आणि वेचणीला जाणे यांतील एकही काम कोणी अपंगत्वाच्या हिशेबात धरत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत आम्लहल्ल्याचे बळी समाविष्ट केले. पण हृदय व फुप्फुसांची घटलेली क्षमता हा त्यांतील स्वतंत्र प्रकार नाही. जे मोजले जात नाही, ते भरूनही दिले जात नाही.

स्थानिक परिस्थितीत सावधगिरीचीही गरज आहे. रोपण केलेल्या त्वचेत घाम येण्याची क्रिया जवळजवळ बंद असते. तेव्हा विस्तृत भाजलेला मनुष्य उष्णता बाहेर टाकू शकत नाही. घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे अशा रुग्णाने पहाटे किंवा सूर्यास्तानंतर चालावे, भरपूर पाणी प्यावे, नव्या त्वचेवर ऊन पडू देऊ नये, हे नियम उपचाराचाच भाग ठरतात. जखम उघडी असता, ताप असता किंवा नुकतेच त्वचारोपण झाले असता वैद्याच्या संमतीवाचून व्यायाम सुरू करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

साधनांचा प्रश्न मात्र वाटतो तितका बिकट नाही. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, ही १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेली परीक्षा आहे. तिला ३० मीटरची सपाट पडवी, एक घड्याळ आणि नोंदवही यांहून अधिक काही लागत नाही. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढी गती पुष्कळांना पुरेशी होते. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात महिन्याला एकदा हे अंतर मोजून रुग्णाच्या कागदावर लिहिले गेले, तर त्याच्या पुनर्वसनाला पहिल्यांदाच अंक मिळेल. चालण्याची ओळख या जिल्ह्याला करून द्यावी लागत नाही. शेगावहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर पायी जाणाऱ्या वारकऱ्यांचा हा प्रदेश आहे आणि रोजच्या मुक्कामाचे अंतर देहाच्या शक्तीप्रमाणे कसे बेतावे, हे येथील लोकांना पुस्तकांतून शिकावे लागलेले नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, भाजलेल्यांच्या पुनर्वसनात एरोबिक व्यायाम उशिरा येण्याचे कारण ज्ञानाचा अभाव हे नव्हते. प्रथम मृत्यू मोजले गेले, नंतर सांधे मोजले गेले. दमसास मोजण्याची पाळी शेवटी आली, कारण त्या त्या काळातील संस्था ज्या रुग्णांसाठी घडल्या, त्यांच्यावरून मापे ठरली. युद्धाने, पोलिओने आणि हृदयविकाराने आपापली मापे दिली. चुलीशी, रुईच्या ढिगाशी व महामार्गावर भाजलेल्या ग्रामीण मनुष्याने स्वतःचे माप अद्याप दिलेले नाही. बुलढाण्यात २०२४ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले असल्याने ते माप याच जिल्ह्यात तयार होणे आता शक्य आहे. रुग्ण घरी गेला त्या दिवशी तो किती मीटर चालला आणि पुढच्या वेचणीच्या हंगामात किती चालला, या दोन आकड्यांची नोंद येथील विद्यार्थ्यांनी ठेवली, तर या इतिहासाच्या पुढील प्रकरणाची साधने येथेच निर्माण होतील.